रंगावर बसवलेला स्क्रू

गाडीच्या दिव्यांचं दुखणं घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा निदान स्वतःच करून आलेला असतो. "वायरमन, मागचा बल्ब गेलाय, तेवढा बदलून द्या," असं म्हणून तो गाडी चालू ठेवूनच उतरतो. दोन मिनिटांचं काम आहे, असं त्याचं ठाम मत असतं. मी बल्ब काढून बघतो. दहापैकी सहा वेळा तो चांगला निघतो. मग गिऱ्हाइकाचा चेहरा असा होतो, जणू मीच काहीतरी बिघडवलं.

पनवेलला जुन्या हायवेच्या कडेला माझं दुकान आहे. आयुष्यभर गाड्यांची वायरिंग केली. आता कंबर साथ देत नाही म्हणून दुपारपर्यंतच उघडतो. नव्या गाड्या माझ्याकडे फारशा येत नाहीत. त्यांना कॉम्प्युटर लावतात, मग तो सांगतो काय बिघडलं ते. माझ्याकडे येतात त्या पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या. त्या स्वतःहून काही सांगत नाहीत. त्यांना एकेक विचारावं लागतं. विचारायचं हत्यारही साधंच आहे. एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला सुई. चिमटा लोखंडाला लावायचा, सुई वायरीत टोचायची. बल्ब पेटला म्हणजे तिथपर्यंत करंट पोचलाय. नाही पेटला तर मागे सरकायचं. बास. एवढ्यावर माझा संसार झाला.

बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट समजावून सांगावी लागते, ती म्हणजे अर्थ. घरातल्या दिव्याला दोन वायरी असतात, एकीतून करंट जातो, दुसरीतून परत येतो. गाडीत जाण्यासाठी वायर असते, पण परत येण्यासाठी गाडीचा पत्राच वापरतात. दिव्याची एक वायर पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते. ती अर्थ. तिथे गंज चढला, स्क्रू ढिला झाला, की करंटची परतीची वाट बंद होते. मग तो भलतीकडून वाट काढतो. शेजारच्या इंडिकेटरमधून, नाहीतर नंबरप्लेटच्या दिव्यातून.

खांदा कॉलनीतल्या, बँकेत काम करणाऱ्या एक बाई एकदा फार अवघडून आल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मी ब्रेक दाबला की माझी गाडी मागच्याला डोळा मारते. परवा एक जण सिग्नलला खिडकीशी येऊन हसून गेला." मी वाकून बघितलं. ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मिणमिणत होता. अर्थ गेलेली. पत्रा घासून वायर पुन्हा आवळली आणि गाडी शहाण्यासारखी वागायला लागली. बाईंनी दुसऱ्या दिवशी पेढे आणून दिले.

अशा गोष्टी सांगायला मला आवडतं. पण ज्या कामाबद्दल आज लिहायचंय, ते माझ्या हातून चुकलेलं काम आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीला तीन दिवस राहिले होते. त्या दिवसांत आमच्याकडे रांग लागते. कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला गाडीचे सगळे दिवे त्याच आठवड्यात आठवतात. त्या गर्दीत गव्हाणचे नामदेव म्हात्रे त्यांची जीप घेऊन आले. नामदेव माझं जुनं गिऱ्हाईक. घरची मिठागरं होती, ती गेली, जमीन संपादनात गेली, त्या पैशातून घरासमोर नवी मोठी गाडी आली. पण वडिलांनी घेतलेली जीप त्यांनी सोडली नव्हती. सणासाठी तिला नवा रंग मारून आणला होता. गडद हिरवा. इतका चकचकीत की त्यात माझं टक्कल दिसत होतं.

"वायरमन, मागचा उजवा दिवा नाय लागत," ते म्हणाले. "आनि डावा बी मंदच हाय."

मी बघितलं. दोन्ही दिव्यांच्या अर्थच्या वायरी कुजलेल्या. मी दोन्ही मिळून एक नवी जाड वायर ओढली आणि ती आवळायला मागच्या पत्र्यावर जागा शोधली. आता इथे करायचं असतं ते असं: पॉलिश पेपर घ्यायचा, रंग पूर्ण घासून काढायचा, खालचं लोखंड चांदीसारखं चमकायला लागलं की मग वायर आवळायची, वरून ग्रीस लावायचं. रंगातून करंट जात नाही. मी पॉलिश पेपर हातात घेतला, तसे नामदेव पुढे आले.

"वायरमन, रंगाला हात नका लावू हां. कालच मारलाय."

मी पेपर खाली ठेवला. रांगेतला एक जण हॉर्न मारत होता. स्क्रूचे आटे पत्र्यात शिरताना थोडा रंग कापतातच. तेवढ्यावर काम चालतं, पुष्कळ वेळा चालून जातं. मी स्क्रू आवळला. पार्किंगचे दिवे लावले, लागले. ते बंद करून ब्रेक दाबायला सांगितला, लागला. मग इंडिकेटर, डावा, उजवा. सगळे लागले.

"बेस!" नामदेव म्हणाले आणि गेले.

दोन दिवसांनी, संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला, नामदेव आणि त्यांच्या पत्नी कुंदाबाई बाजार करून घरी चालले होते. पावसाचं अंधारून आलं होतं म्हणून त्यांनी पार्किंगचे दिवे लावलेले. गव्हाणच्या फाट्याला उजवीकडे वळायला त्यांनी वेग कमी केला. मागून दुधाचा टेम्पो येत होता. टेम्पोवाल्याने शेवटच्या क्षणी डावीकडे काढला, पण जीपचा मागचा डावा कोपरा सापडलाच. जीप फिरली आणि खांबावर गेली. कुंदाबाईंना खरचटण्यावर भागलं. नामदेवांचा डावा गुडघा स्टिअरिंगखालच्या पत्र्यावर आपटून फुटला.

मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि सांगायला आला तो टेम्पोचा ड्रायव्हरच. सलीमभाई. पनवेलचाच. त्याच्या टेम्पोची वायरिंगही माझ्याचकडे व्हायची. पन्नाशीचा माणूस, पण उभं राहवत नव्हतं त्याला.

"दत्ताभाऊ, सगळे बोलतायत मी झोपलो होतो. मालक बोलतो, उद्यापासून येऊ नको. लायसन पण जाईल. पण खुदा की कसम, मी जागा होतो. त्यांची जीप समोर दिसत होती मला."

"मग मारला कसा?"

"मागची लाल लाइट होती ना भाऊ, ती दिसत होती. पण ती वाढलीच नाही! ब्रेक मारला की लाइट कशी भडकते? तशी भडकलीच नाही. मला वाटलं गाडी चाललीय. इंडिकेटर पण नाही. एकदम कळलं की गाडी जागेवर आलीय."

माणूस खोटं बोलतो तेव्हा 'लाइट नव्हतीच' असं बोलतो. 'होती, पण वाढली नाही' हे खोटं बोलणाऱ्याला सुचत नाही. आणि ज्याची अर्थ कच्ची आहे तो दिवा नेमका असाच वागतो.

"तुम्ही जाऊन बघा ना एकदा," सलीमभाई म्हणाला. "पोलीस बोलले, कोणी जाणकार माणूस असेल तर आणा."

दुपारी नामदेवांचा पुतण्या फोनवर बोलला. त्यालाही मी यायला हवा होतो. काका म्हणतात मी ब्रेक दाबला होता, इंडिकेटर दिला होता, दिवे दोन दिवसांपूर्वीच पनवेलला करून घेतलेत. तुम्ही येऊन तेवढं सांगा. म्हणजे दोन्ही बाजूंनी मलाच बोलावलं होतं. दोघांचाही माझ्यावर विश्वास होता.

जीप पोलीस चौकीच्या आवारात उभी होती. मागचा डावा दिवा चेपून चुरा झालेला. उजवा जसाच्या तसा. एक महिला कॉन्स्टेबल माझ्याबरोबर उभी राहिली. मी बॅटरी तपासली, पार्किंग लावलं आणि तिला म्हटलं, "ताई, मी ब्रेक दाबतो, तुम्ही मागून बघा."

"लागला की!" ती म्हणाली. "चांगला लागतोय."

इंडिकेटर दिला. तोही लागला.

"म्हणजे जीप ठीक आहे," ती म्हणाली आणि वहीत लिहायला लागली.

खरं सांगतो, मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की मी सीटवरच मागे टेकून बसलो. माझं काम बरोबर होतं. सलीमभाईला झापड आली असेल. दुधाचे टेम्पोवाले पहाटेपासून राबतात, येते झापड. मी घरी जायला मोकळा होतो.

उतरलो आणि चुरा झालेल्या डाव्या दिव्याकडे लक्ष गेलं. अपघाताच्या वेळी हा दिवा शाबूत होता. म्हणजे त्या वेळी माझ्या एका स्क्रूतून दोन्हीकडच्या दिव्यांचा करंट परत जात होता. आत्ता निम्माच जातोय. एका माणसाचं ओझं उचलणारी फळी दोघांना पेलते का, हे एकट्याला उभं करून कळत नाही.

"ताई, लिहू नका जरा," मी म्हटलं.

दुकानात जाऊन एक जुना दिवा आणला. डावीकडच्या तुटक्या वायरींना जोडून लोंबता ठेवला. मग पार्किंग लावलं. दोन्हीकडे लाल उजेड आला. कॉन्स्टेबल बाईंना ब्रेकवर पाय ठेवायला लावला आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिलो. उजेड जेमतेम हलला. उजवा इंडिकेटर द्यायला सांगितला. तो पेटला नाहीच, उलट सगळे दिवे मंद झाले. सलीमभाईने जे पाहिलं होतं ते माझ्यासमोर होतं.

मी खाली वाकून स्क्रू काढला. आट्यांनी रंगाला नखाएवढी खाच पाडली होती आणि दोन दिवसांच्या पावसाने त्या खाचेत तांबूस गंज धरला होता. बाकी सगळीकडे हिरवा रंग, अगदी नवा. मी दुकानात एकेक दिवा लावून पाहिला होता. सगळे एकदम लावून पाहिले नव्हते. पाच सेकंदांचं काम होतं ते.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"उद्या सकाळी येऊन लिहून देतो," मी म्हटलं. "आधी एका ठिकाणी जायचंय."

घरी मंगलला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मी म्हटलं, "त्या बाईला यातलं काही कळलेलं नाही. कोणालाच कळणार नाही."

"तुला कळलंय ना?" ती म्हणाली. "मग जेवून घे. सकाळी दवाखान्यात जायचंय तुला."

मी जाणार की नाही, हा प्रश्न तिच्या डोक्यात आलेलाच नव्हता. माझ्या मात्र आला होता, हे मला इथे लिहिलं पाहिजे.

दवाखान्यात नामदेवांचा पाय वर टांगलेला होता. कुंदाबाई शेजारच्या स्टुलावर. कपाळाला पट्टी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "या वायरमन. सांगा यांना, दिवे चालू व्हते म्हनून."

मी उभ्यानेच सांगितलं. स्क्रू, गंज, दोन्ही दिवे, सगळं. "सलीमभाई खोटं बोलत नाही आणि तुम्हीही नाही. ब्रेक तुम्ही दाबलात. दिवा माझ्यामुळे लागला नाही. मी पोलिसांना तसं लिहून देणार आहे. आधी तुम्हाला सांगायला आलो."

नामदेव भिंतीकडे बघत राहिले. कुंदाबाई उठल्या. "आमी लोकांना तुमचा नाव सांगतो, वायरमन," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "गावातल्या धा गाड्या तुमच्याकडं धाडल्यात आमी."

मी हात जोडले आणि निघालो. चौकीत जाऊन लिहून दिलं. रंग न घासण्याबद्दल नामदेव जे बोलले होते ते त्यात लिहिलं नाही, दवाखान्यातही बोललो नव्हतो. गिऱ्हाईक काहीही म्हणेल. रंगातून करंट जात नाही हे त्याला कुठून माहीत असणार? मला माहीत होतं. 'दोन बोटं जागा घासावीच लागेल, नाहीतर दिव्याची खात्री नाही' एवढं मी बोललो असतो तर ते काही नको म्हणाले नसते.

पुढे नामदेवांनीच तक्रार नाही असं सांगितलं आणि प्रकरण मिटलं. सलीमभाईचं लायसन राहिलं, मालकाने त्याला परत घेतलं. त्याने येऊन मला मिठी मारली तेव्हा मला लाज वाटली, कारण त्याच्यावरचं संकट मुळात मीच आणलं होतं. मला कोणी काही शिक्षा केली नाही. फक्त गव्हाणच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. नामदेव काठी घेऊन चालायला लागलेत, जीप कळंबोलीला दुरुस्त करून घेतली, असं उडत उडत कानावर आलं. मी दोनदा त्यांच्या घरी जायला निघालो आणि दोनदा गव्हाण फाट्यावरून परत आलो. काय बोलणार होतो?

त्या वर्षात मी काम फार सावकाश केलं. एकही दिवा मागे जाऊन उभं राहिल्याशिवाय सोडला नाही. सगळे दिवे एकदम लावायचे, हॉर्न वाजवायचा, वायपर चालवायचे आणि मग ब्रेक दाबायचा. गिऱ्हाइकं वैतागायची. "काका, आरती करताय का गाडीची?" एकाने विचारलं. मी म्हटलं, "हो, बस पाच मिनिटं."

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी दुकानासमोर ती हिरवी जीप येऊन थांबली. जरा आडवीच थांबली. मी बघत राहिलो, कारण ड्रायव्हरच्या जागेवर कुंदाबाई होत्या. डोळ्यांवर चष्मा, पदर कमरेला खोचलेला. शेजारी नामदेव, मांडीवर काठी.

"असं काय बघता?" त्या उतरत म्हणाल्या. "यांचा पाय क्लच दाबत नाय. आता मीच चालवते. लायसन हाय माझ्याकडं."

"कोणी शिकवली?"

"सलीमभायनं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. तर त्यांनी सांगितलं की सलीमभाई दवाखान्यात भेटायला आला होता. मग घरी यायला लागला. एकदा म्हणाला, भाभी, जीप उभी राहून खराब होईल, चालवत का नाही? आणि उलव्याच्या मोकळ्या रस्त्यांवर, दुधाची फेरी संपली की, रोज तासभर त्याने त्यांना शिकवलं. "लय वरडतो," कुंदाबाई म्हणाल्या. "पन शिकवला चांगला. आता गावातल्या चार बाया मला इचारतात, आमाला बी शिकव म्हनून."

नामदेव हळूहळू उतरले. माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी खुर्ची दिली. बसले आणि काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "वायरमन, रंगाला हात लावू नका, असा मीच बोल्लो व्हतो ना?"

मी हातातली पक्कड खाली ठेवली.

"तुमी पोलिसांत त्या लिवला नाय. मला वाटला, आज लिवतील, उद्या लिवतील. हिलाबी मी सांगला नव्हता. तुमी माझी लाज राखली आनि मला तुमच्यासमोर यायची लाज वाटाया लागली. म्हनून कळंबोलीला गेलो."

"परवा सांगला मला," कुंदाबाई म्हणाल्या. "वरीसभर तुमाला शिव्या घालून झाल्यावर!"

वर्षभर मी समजत होतो की ते माझ्यावर रागावलेत, आणि ते मला तोंड दाखवायला लाजत होते. आम्ही दोघंही हसलो, पण नीट हसता येईना. मी नाक पुसायला म्हणून आत गेलो आणि पाणी घेऊन आलो.

जीपचं आरटीओत पुन्हा पासिंग करायचं होतं. मी म्हटलं, थोडंथोडं नको, मागपासून पुढपर्यंत सगळी वायरिंग नवी करू. चार दिवस लागले. कुंदाबाई रोज सकाळी नामदेवांना घेऊन यायच्या आणि बाकावर बसून प्रश्न विचारायच्या. ही वायर कुठं जाते, फ्यूज कशाला, अर्थ म्हंजे काय. मी पत्र्यावर जागा आखली, तेव्हा नामदेवांनी स्वतः पॉलिश पेपर मागून घेतला. बसल्या बसल्या त्यांनी आपल्या जीपचा रंग घासून काढला. रुपयाच्या नाण्याएवढी जागा घासायची होती, त्यांनी तळहाताएवढी घासली.

"आता पुरे," मी म्हटलं.

"असू द्या," ते म्हणाले.

पासिंगला जायच्या दिवशी कुंदाबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण आणलं होतं. आम्ही दुकानातच जेवलो. मग त्या चढून बसल्या, आरसा नीट केला. दुकानासमोरून रस्त्याला लागताना थोडा चढ आहे. चढावर जीपला एक हिसका बसला आणि ती बंद पडली. मी सवयीने उठलो. खिडकीतून नामदेवांचा हात बाहेर आला आणि त्यांनी मला बसा अशी खूण केली. मी बसलो. कुंदाबाईंनी पुन्हा किल्ली फिरवली, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि जीप रस्त्याला लागली.